मध कोल्होबाचा, मेण अस्वलाचं

फार फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा जंगलात ठोशांच्या लढती होत, आणि बघायला येणारा प्रत्येक जण बक्षीस म्हणून मधाचं पोळं घेऊन येई.

त्या जंगलात एक अस्वल होतं. अंगानं दांडगं, मनानं भोळं. त्याचा उजवा पंजा बसला की समोरच्याला दिवसा तारे दिसत. पण चारचौघांत बोलायचं म्हटलं की त्याची दातखीळ बसे. म्हणून लढत ठरवायची, हलगी वाजवून ती जंगलभर सांगायची आणि शेवटी मध वाटायचा, हे सगळं काम कोल्होबाकडे होतं.

लढत संपली की कोल्होबा ऐटीत वाटणीला बसे. "हा हलगीचा वाटा. हा मैदानाचा वाटा. आणि तुझं नाव मी मोठं केलं, हा त्याचा वाटा." मग पिळून उरलेलं मेण तो अस्वलापुढे सरकवी. "हे तुझं, पहिलवान! चघळ निवांत."

अस्वल बिचारं चघळत बसे. त्याला ध्यास होता तो वेगळाच. पलीकडच्या डोंगरावर त्याच्या तोडीचं एक अस्वल राहत होतं. अंगात रग आहे तोवर त्याच्याशी एकदा लढायचं होतं. पण कोल्होबा दर वेळी एखादं म्हातारं रानडुक्कर नाहीतर लंगडा तरस समोर उभा करी.

"कोल्होबा, डोंगरावरच्याशी कधी?"

"अरे, तो तुला टरकतो!"

मानेवर पांढरे केस दिसू लागले तेव्हा मात्र अस्वलाला राहवेना. ते स्वतःच डोंगर चढून गेलं. वर पाहतं तर दुसरं अस्वल झाडाखाली बसून मेण चघळत होतं.

"तू मला टरकतोस म्हणे?"

"मी? छे! कोल्होबा तर सांगतो, तूच टरकतोस."

दोघं एकमेकांच्या तोंडातल्या मेणाकडे बघत राहिली आणि मग पोट धरधरून हसली. लढत तिथेच ठरली.

पण हलगी वाजलीच नव्हती. मैदानात एक कासव तेवढं आलं, तेही वाट चुकून. हिरमुसली होऊन दोघं कोल्होबाकडे गेली.

"बघितलंत? माझ्यावाचून तुमचं पान हलत नाही!" कोल्होबानं मिशीवर पंजा फिरवला.

"खरं आहे," अस्वल म्हणालं. "तुझ्यासारखी हलगी कुणी वाजवत नाही. त्याचं एक पोळं तुझं. पण कुणाशी लढायचं ते आम्ही ठरवू, आणि मधही आम्हीच वाटू."

"आणि नाही वाजवली तर?"

"तर आम्हीही लढणार नाही. मग वाजवत बस रिकाम्या मैदानात."

कोल्होबानं मुकाट्यानं हलगी गळ्यात अडकवली.

सारं जंगल लोटलं. सांज झाली तरी दोघांपैकी कुणी हटेना. शेवटी दोघं दमून एकमेकांच्या गळ्यात पडली. त्या दिवशी अस्वलानं स्वतःच्या कमाईचा मध पहिल्यांदा चाखला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

कोल्होबालाही त्याचं पोळं मिळालं. ते पिळून झाल्यावर मेण कुणापुढे सरकवावं म्हणून त्यानं इकडेतिकडे पाहिलं, आणि शेवटी स्वतःच चघळलं.

तात्पर्य: आपलं नाव गाजवणाऱ्याला त्याचा मेहनताना जरूर द्यावा, पण आपली किंमत ठरवण्याचा हक्क त्याच्या हाती देऊ नये.