तालमीची माती आणि बुटांची पेटी

साल एकोणीसशे बावन्न. कोल्हापुरातल्या आमच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमनं नव्या कोच सासनेमास्तरांच्या हाताखाली ओळीनं सहा सामने मारले होते, आणि तेही अनवाणी. फायनलला दहा मिनिटं उरली असताना संस्थेचे अध्यक्ष रावसाहेब निगवेकर बुटांची पेटी घेऊन मैदानावर आले.

"पाहुण्यांच्या पायांत बूट आणि आपली पोरं उघड्या पायांची? बूट घाला, नाहीतर खेळू नका. आणि मास्तर, तुम्ही उद्यापासून घरी बसा!"

आमचे चेहरे पडले. जन्मात बूट न घातलेले पाय त्यात पळणार कसे?

मास्तर हात जोडून म्हणाले, "साहेब, तुम्ही जुने पैलवान. शकुनाला तुमच्या तालमीची माती आणलीय या पुडीत. तेवढी मैदानात मधोमध टाका, मग बुटांचं तुम्ही म्हणाल तसं."

रावसाहेब खूश झाले. पुडी घेऊन ऐटीत निघाले आणि मैदानाच्या रेषेशी येताच सवयीनं पायातले बूट काढून ठेवले.

"बूट का काढलेत, साहेब?"

"अहो, तालमीच्या मातीत पायताण घालून कोण जातं?"

"मग ती माती पडल्यावर माझ्या अकरा पोरांनी काय करायचं?"

रावसाहेबांनी मास्तरांकडे रोखून पाहिलं, मग पेटीकडे.

"पेटी गाडीत टाका," ते गुरकावले. "आणि मास्तर, उद्या वेळेवर या!"