केरबाच्या वाट्याला पेरू

कोल्हापूरपासून दोन डोंगर पलीकडं एक गाव होतं, आणि त्या गावात केरबा नावाचा एक भोळा माणूस राहत होता. भोळा म्हणजे किती? एकदा वैद्यांनी त्याला सांगितलं, "सकाळचं कोवळं ऊन खात जा." केरबा पंधरा दिवस रोज उंबऱ्यावर आ करून बसला. सोळाव्या दिवशी वैद्यांनी विचारलं, "काही फरक?"

केरबा म्हणाला, "ऊन काही गिळवत नाही. माश्या तेवढ्या जातात."

त्याची बायको हौसा मात्र शहाणी होती. दोघांचं मिळून एका घरापुरतं शहाणपण भरत होतं, म्हणून संसार चालला होता. पण त्या वर्षी त्यांची म्हैस मेली. हौसाला रोज सकाळी तांब्या घेऊन शेजारच्या दारात उभं राहावं लागायचं. शेजारीण दूध द्यायची, पण आधी तासभर स्वतःच्या म्हशीचं कौतुक ऐकवायची. हौसाला दूध नको, पण ते कौतुक आवर असं झालं होतं.

त्या गावाला फुटबॉलचं भारी वेड. तिथलं मूल आधी लाथ मारायला शिकायचं, मग चालायला. देशोदेशींची मोठी स्पर्धा जवळ आली, तसं तालमीच्या वस्तादांनी जाहीर केलं, "कोणता देश जिंकणार ते सांगा. एका घरानं एकच देश घ्यायचा. एक देश एकाच घराला मिळायचा. जो आधी येईल त्याचा. ज्याचा देश जिंकेल, त्याला दूध संस्थेकडून दुभती म्हैस."

देश होते बत्तीस. वस्ताद वही घेऊन तालमीच्या कट्ट्यावर बसले.

हौसा केरबाला म्हणाली, "तुम्ही आत्ताच्या आत्ता जावा. लोक काय बोलतात ते बघा. ज्याचं पारडं जड दिसेल, तो देश घेऊन या."

केरबानं ध्यानात ठेवलं.

तो थेट मलाप्पा वाण्याच्या दुकानात गेला. तिथं सगळ्या देशांचे कागदी झेंडे विकायला होते. केरबानं तराजू मागून घेतला आणि एकेक झेंडा पारड्यात टाकून तोलायला बसला. दिवस कलला तेव्हा हिशेब लागला. जपानचं पारडं सगळ्यांत जड. जपानचा झेंडा पाण्याच्या घागरीत पडला होता.

तोवर तालमीत ब्राझील गेलं, अर्जेंटिना गेलं, जर्मनी गेलं, आणि जपानही गेलं. चांगले चांगले अकरा देश गेले.

हौसानं कपाळाला हात लावला. "अहो, देश असा तोलून कळतो का? जाणता माणूस गाठायचा. फुटबॉलमधलं ज्याला कळतं, त्याचे पाय धरायचे. नाव सांगेपर्यंत सोडायचे नाहीत."

"पुढच्या खेपेला तसंच करतो," केरबा म्हणाला. त्यानं ध्यानात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तो जाणता माणूस शोधत निघाला. माळावर शेजारच्या गावाबरोबर सामना चालला होता. सामना बरोबरीत होता आणि वेळ संपत आली होती. इतक्यात सर्जेराव चेंडू घेऊन सुटला. तिघांना चुकवून तो गोलच्या पुढ्यात आला. गोलरक्षक केव्हाच आडवा झाला होता. कडेला उभा असलेला एक म्हातारा म्हणाला, "फुटबॉल कळावं तर या सर्जेरावालाच."

केरबानं धाव घेतली आणि सर्जेरावाचे दोन्ही पाय धरले.

सर्जेराव म्हणाला, "काय करायलास?"

"पाय धरलेत. नाव सांग."

"कुणाचं?"

"जिंकणाऱ्याचं."

"अरे, आत्ता आम्हीच जिंकत होतो."

"तुम्ही बत्तिसांत नाही," केरबा म्हणाला. त्यानं पाय सोडले नाहीत.

चेंडू शेजारच्या गावानं उचलला, पलीकडं नेला आणि गोल केला. पंचांनी नियमांचं पुस्तक उघडलं. प्रेक्षकानं खेळाडूचे पाय धरल्यास काय करावं, हे त्यात नव्हतं. शेवटी त्यांनी केरबाला लाल कार्ड दाखवलं. केरबानं ते घेऊन खिशात ठेवलं आणि पंचांना नमस्कार केला.

तालमीत त्या दिवशी आणखी बारा देश गेले.

हौसा म्हणाली, "अहो, धावत्या माणसाला असं अडवतात का? कुणी जीव तोडून धावत आलं, की बाजूला व्हायचं. वाट द्यायची. टाळ्या वाजवून हुरूप द्यायचा."

"पुढच्या खेपेला तसंच करतो." केरबानं ध्यानात ठेवलं.

तिसऱ्या दिवशी तो तालमीच्या बोळात शिरला. समोरून एक माणूस जीव तोडून धावत येत होता. त्याच्या डोक्यावर तालमीचा टीव्ही होता. केरबा भिंतीला चिकटला. त्यानं वाट दिली. वरून टाळ्या वाजवल्या आणि म्हणाला, "शाब्बास. आता थोडंच राहिलं."

चोर दमला होता. त्याला हुरूप आला. तो दुप्पट वेगानं पळाला.

मागून वस्ताद आले, तेही जीव तोडून. केरबानं त्यांनाही वाट दिली. त्यांच्यासाठीही टाळ्या वाजवल्या. वस्ताद वेशीपर्यंत जाऊन हात हलवत परत आले.

"पुढचा गडी चांगला होता," केरबा म्हणाला, "पण तुम्हीही वाईट नाही पळालात."

वस्तादांचं शरीर पैलवानाचं होतं आणि मन त्याहून मोठं, म्हणून केरबा वाचला. दम खाल्ल्यावर ते म्हणाले, "लेका, कुणी असं पळत आलं की आरडाओरडा करायचा. गाव गोळा करायचं. हाताला येईल ते फेकून मारायचं."

"पुढच्या खेपेला तसंच करतो," केरबा म्हणाला. त्यानं ध्यानात ठेवलं, आणि त्या नादात देश घ्यायचं विसरून घरी आला.

चौथ्या दिवशी हौसा स्वतः तालमीपाशी चौकशी करून आली. एकतीस देश संपले होते. उरला होता फक्त पेरू. ती घरी येऊन म्हणाली, "आता पेरू तर पेरू. नाही मामा त्यापेक्षा काणा मामा बरा. तुम्ही पळत जावा आणि पेरू घ्या. घेतल्याशिवाय परत येऊ नका."

केरबा पळत बाजारात गेला आणि पेरू घेतले. चांगली टोपलीभर. कच्चे बघून घेतले, म्हणजे टिकतील.

टोपली डोक्यावर घेऊन तो तालमीवरून घरी निघाला. त्याच दिवशी गावातल्या सामन्यांचं उद्घाटन होतं. पाहुण्यांच्या हस्ते नको, आपणच करू, असं सरपंचांनी ठरवलं होतं. पांढरे कपडे, डोक्याला फेटा, हातात पेटती मशाल, असे सरपंच वेशीपासून तालमीपर्यंत धावत येत होते. त्यांना धावायची सवय नव्हती. जीव तुटेल असंच धावत होते.

केरबानं बघितलं. टोपली खाली ठेवली.

"धावा, धावा," तो ओरडला. "पकडा. आला बघा."

गाव गोळा झालं. केरबानं हाताला आला तो पेरू घेतला आणि फेकला. पहिला फेट्याला लागला. दुसरा मशालीला. तिसरा सरपंचांच्या कपाळाच्या बरोबर मधोमध बसला. कच्चा होता. सरपंच खाली बसले.

"अरे, काय फेकायलास?" सरपंचांनी विचारलं.

"पेरू," केरबा मोठ्यानं म्हणाला.

वस्ताद कट्ट्यावर वही घेऊन बसले होते. त्यांची पाठ रस्त्याकडं होती. एक देश कसा खपवायचा, याच काळजीत ते होते.

"पेरू कोण म्हणालं?" त्यांनी न वळता विचारलं.

"मी. केरबा."

वस्तादांनी लिहिलं : केरबा, पेरू. आणि वही मिटली.

स्पर्धा सुरू झाली. टीव्ही गेलेला होता, म्हणून लग्नाचं शूटिंग करणाऱ्याकडून मशीन आणलं आणि तालमीपुढं पांढरा पडदा बांधला. रोज संध्याकाळी सगळं गाव पडद्यापुढं बसायचं. पेरूवर कुणाचं लक्ष नव्हतं. पेरूनं पहिला सामना जिंकला. लोक म्हणाले, नशीब. दुसरा जिंकला. लोक म्हणाले, वारा त्यांच्या बाजूचा होता. मग पेरूनं एकेक करून मोठमोठी घराणी घरी पाठवली आणि लोकांनी म्हणणं सोडून दिलं.

आता दोनच देश राहिले. एक पेरू आणि दुसरा डेन्मार्क. डेन्मार्क होता बाळगोंडा पाटलाचा.

हौसाला झोप लागेना. तिनं गोठा सारवला. दावं नवं वळलं. म्हशीला काय नाव ठेवायचं तेही ठरवलं. शेजारणीला सांगितलं, "उद्यापासनं तुमची म्हैस विश्रांती घेईल."

बाळगोंडाचीही झोप उडाली होती. पेरूचा खेळ त्यानं बघितला होता. अंतिम सामन्याच्या दिवशी सकाळीच तो केरबाला पाणवठ्यावर भेटला.

"केरबा, तुझा देश मला दे, माझा तू घे," तो म्हणाला. "तुझा देश डोंगराळ. म्हशीला चढवायचं नाही. आमच्या डेन्मार्कात दूधदुभतं लई. हिरवं गवत, गारवा. म्हशीला मानवेल."

केरबाला म्हशीची काळजी पटली. "बरं," तो म्हणाला.

दोघं वस्तादांकडं निघाले. तितक्यात हौसा घागर घेऊन समोरून आली. तिनं सगळं ऐकलं. घागर खाली ठेवली, केरबाचा दंड धरला आणि त्याला तसाच घरी आणला.

"नीट ऐका," ती म्हणाली. "आपला देश कधी बदलायचा नसतो. कुणी गोड बोलू दे. कुणी म्हैस देतो म्हणू दे. सगळं गाव एका तोंडानं सांगू दे. मी जरी सांगितलं तरी ऐकू नका. मान हलवायची आणि नाही म्हणायचं. कळलं?"

"कळलं," केरबा म्हणाला.

"काय कळलं?"

"देश बदलायचा नाही."

हौसाला पहिल्यांदाच वाटलं, हा माणूस सुधारला. केरबानं ध्यानात ठेवलं. इतकं घट्ट ध्यानात ठेवलं, की दुपारी जेवताना तिनं आमटी वाढू का विचारलं, तेव्हाही त्यानं मान हलवली आणि नाही म्हणाला.

संध्याकाळी अंतिम सामना झाला. शेवटच्या क्षणी पेरूनं गोल केला आणि पेरू जिंकला. गावात हलगी वाजली. हौसाच्या डोळ्यांतून पाणी आलं. बायकांनी तिला मिठ्या मारल्या. शेजारणीनंही मारली, जरा सैल मारली.

म्हैस आणली. काळीभोर, डौलदार शिंगांची. अंगावर झूल, कपाळाला गुलाल. वस्तादांनी वही उघडली. सरपंच शेजारी बसले. त्यांच्या कपाळावर अजून टेंगूळ होतं.

वस्ताद म्हणाले, "रीत अशी, की ज्याचा देश जिंकला त्यानं चार लोकांत आपल्या तोंडानं देशाचं नाव सांगायचं, वहीत सही करायची, आणि म्हैस न्यायची. केरबा, पुढं ये. सांग बाळा, तुझा देश कोणता?"

"भारत," केरबा म्हणाला.

हलगी थांबली.

वस्ताद हसले. त्यांना वाटलं, गडी आनंदानं गोंधळलाय. प्रेमानं म्हणाले, "तसं नव्हे रे राजा. नीट आठव. वहीत तुझ्या नावापुढं पेरू लिहिलंय."

गोड बोलायला लागले, केरबा मनात म्हणाला. त्यानं मान हलवली. "नाही."

"अरे, पेरू एवढं म्हण. ही म्हैस तुझी."

म्हैसही देतो म्हणाले. केरबानं मान हलवली. "नाही."

आता लोक उठून उभे राहिले. "केरबा, पेरू म्हण," सगळं गाव एका तोंडानं सांगू लागलं. सरपंचसुद्धा सांगू लागले. हौसा गर्दीतून वाट काढत पुढं आली. तिच्या हातात नवं दावं होतं. "अहो, पेरू म्हणा," ती म्हणाली. "मी सांगते ना, पेरू म्हणा."

केरबानं तिच्याकडं बघितलं. ती आपली परीक्षा घेतेय, हे त्याच्या ध्यानात आलं. त्याला तिचं कौतुक वाटलं.

"माझा बाप इथला," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "आजा इथला. मी पेरूचा कसा? म्हैस राहू द्या."

वस्तादांनी सरपंचांकडं बघितलं. सरपंचांनी म्हशीकडं बघितलं. म्हटलं तर माणूस चुकत होता, आणि म्हटलं तर त्याला चूक म्हणायची कुणाची छाती नव्हती. शेवटी सरपंचांनी टेंगूळ चोळलं, गळ्यातला हार काढून केरबाच्या गळ्यात घातला आणि टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनाच वाजवाव्या लागल्या.

वस्तादांनी वहीत पुढचं नाव बघितलं. "बाळगोंडा, दुसरा नंबर तुझा. सांग, तुझा देश कोणता?"

"डेन्मार्क," बाळगोंडा एका दमात म्हणाला. सही केली, कासरा हातात घेतला आणि म्हैस घेऊन चालू लागला.

केरबा त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडं कितीतरी वेळ बघत राहिला. त्याला फार वाईट वाटलं. तो हौसाच्या कानाशी वाकून हळूच म्हणाला, "बघ. चांगल्या घरचा माणूस. एका म्हशीपायी देश सोडला."