खारीची शिट्टी आणि साळिंदराचे बीळ

एका जंगलात, मोठ्या नदीच्या अलीकडच्या तीरावर, एक खार राहत असे. ती फार कष्टाळू होती आणि काळजी करण्यात तर तिचा हात कोणी धरला नसता. झाडाला मोहोर आला की तिला वाऱ्याची काळजी, फळे आली की पोपटांची. एका वर्षी जंगलात फळेच धरली नाहीत. तेव्हा दोन पिल्लांना नवऱ्याजवळ ठेवून ती नदीपलीकडच्या वनात अक्रोड फोडायच्या कामाला गेली. मजुरीचे अक्रोड दर पौर्णिमेला धनेश पक्षी चोचीत धरून अलीकडे आणी. दहांतला एक तो स्वतःला ठेवून घेई. का, म्हणून विचारले की त्याची चोच नेमकी भरलेली असे.

हे अक्रोड साळिंदराच्या बिळात जमा होत. साळिंदर मोठा सचोटीचा, आणि त्याच्या काट्यांपुढे चोरांचे काही चालत नसे. तरीही निघताना खारीने त्याच्या कानात सांगितले होते, "दोन आखूड आणि एक लांब, अशी माझी शिट्टी ऐकल्याशिवाय कुणाला टरफलसुद्धा देऊ नका. आमच्या ह्यांनाही नाही. ह्यांना सांगितलं की चार झाडांवर बातमी जाते." मुलांनो, खारीला हसू नका. चोरांचा विचार करता करता घरच्यांचा विचार राहून जातो, आणि हे भल्याभल्यांचे होते.

उन्हाळा आला. पिल्लांची पोटे पाठीला लागली. नवरा बिळाशी गेला आणि म्हणाला, "साळिंदरदादा, अक्रोड आमचेच आहेत हो!"

"असतील. खूण?"

"कसली खूण?"

"ते मीच सांगितलं, तर ती खूण कसली?"

नवऱ्याने शेपटी फुलवून दाखवली. पाठीवरचे पट्टे दाखवले. शेवटी बिचारा फांदीला उलटा लटकला.

"छान," साळिंदर म्हणाला. "पण हे नव्हे. उद्या या."

तिसऱ्या दिवशी धाकटे पिल्लू उठेनासे झाले. धनेशाबरोबर निरोप गेला, तशी खार हातातले काम टाकून, एका वाहत्या ओंडक्यावर बसून, धडपडत घरी आली. आली ती थेट बिळाशी गेली आणि तिने शिट्टी घातली.

"बाई, ही शिट्टी इथली नाही," साळिंदर म्हणाला.

ते खरेच होते. पलीकडच्या खारी शिट्टीचा शेवट वर उचलतात, आणि वर्षभरात हिच्याही गळ्यात तेच वळण बसले होते. तिने पुन्हा शिट्टी घातली, पुन्हा घातली. घाबरल्यामुळे ती आणखीच पलीकडची होत गेली.

"अहो, मी मीच आहे!" खार रडकुंडीला येऊन म्हणाली.

"असं कालचं मुंगूसही म्हणत होतं."

नवरा बाजूला उभा राहून ऐकत होता. "अगं, शिट्टी? एवढंच होतं होय?" तो म्हणाला. "मग अशी काय घालतेस? मी समोरच्या झाडावर गप्पा मारत बसलो की तू घरी बोलवायचीस, तीच ना?" आणि त्याने दोन आखूड, एक लांब, अशी हुबेहूब तिची शिट्टी घातली. वर्षानुवर्षे रोज संध्याकाळी ऐकलेली शिट्टी तो विसरणार कसा?

साळिंदराने बिळाच्या तोंडावरचा दगड सरकवला. पहिला अक्रोड फोडून खारीने धाकट्याच्या तोंडात घातला. पिल्लाने तो चावला, गिळला आणि दुसरा मागितला. तेव्हा कुठे खारीने श्वास सोडला.

"आता खूण बदला, वहिनी," साळिंदर हळूच म्हणाला. "मुंगूस त्या झुडपात बसून ऐकत होतं. आणि या वेळी दोघं मिळून ठरवा."

तात्पर्य : परमुलखात मिळवलेल्या धनाला कुलूप जरूर लावावे, पण ज्यांच्यासाठी ते मिळवले, त्यांच्यापासूनच त्याची किल्ली लपवू नये.