वाढत्या मनगटाची बेडी

फार पूर्वी, डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका गावात एक लोहार राहत असे. ऐरणीवर पडणाऱ्या प्रत्येक घावागणिक त्याच्या मुखी हरिनाम असे. त्याचा धाकटा भाऊ गावाच्या धान्यकोठाराचा राखणदार होता.

एके दिवशी मूठभर जोंधळे चोरणारी बारा वर्षांची एक पोरकी मुलगी राखणदाराच्या हाती सापडली. त्याने चारचौघांत तिच्या थोबाडीत मारली. दुसऱ्या दिवशी दुपारी तो कोठारात झोपला असता मुलीने बाहेरून कडी घातली आणि छपराला विस्तव लावला. राखणदार आतच होरपळून मेला.

न्यायासनापुढे मुलीने काहीच नाकारले नाही. “तो आत आहे हे मला ठाऊक होतं,” एवढेच ती म्हणाली.

मोठ्या माणसाला या गुन्ह्यासाठी जन्मभर बेडी होती. “लेकरू आहे,” कोणी कुजबुजले. तसा लोहार गरजला, “लेकराच्या हातून मेला म्हणून माझा भाऊ कमी मेला काय? मोठ्यांचीच शिक्षा द्या!”

न्यायाधीशांनी ते मानले. पण गावची बेडी मुलीच्या हातांत घालताच खळकन खाली पडली.

“हिच्या मापाची घडवून आण,” त्यांनी लोहाराला फर्मावले.

लोहाराने दोऱ्याने मनगटाचे माप घेतले आणि दुसऱ्या दिवशी बेडी आणली. न्यायाधीशांनी ती फिरवून पाहिली. “अरे, ही तर तोंडाशी उघडीच आहे! बेडी घडवलीस की बारशाचा वाळा?”

लोक हसले. लोहार मात्र चपापला. लहान मुलांसाठी त्याने आजवर शेकडो लोखंडी वाळे घडवले होते. हात वाढला की सैल करता यावेत, म्हणून त्यांची तोंडे तो नेहमी उघडी ठेवी. इवलेसे माप पाहून त्याच्या हाताने, त्याला न विचारताच, तेच केले होते.

“सांधून टाक.”

लोहाराने हातोडा उचलला; पण तो खाली येईना. “महाराज, हिचं मनगट वाढेल, लोखंड वाढणार नाही. ते मांसात रुतेल.”

“मग तेव्हा दुसरी घडव.”

“घडवीन. पण तेव्हाचा हात हाच असेल का? भावाचं दुःख माझ्या उरात आहे, ते जन्मभर राहील. पण पांडुरंगाने जे अजून घडवून संपवलं नाही, ते मी कायमचं कसं सांधू?”

“म्हणजे माफ करू?”

“माफ नको. शिक्षा द्याच, पण हिच्याबरोबर वाढेल अशी द्या.”

न्यायाधीशांनी ती उघडी बेडी बाजूला ठेवली. मग त्यांनी निकाल दिला: मुलीने गवंड्यांच्या हाताखाली राबून कोठार पुन्हा उभारावे, मृताच्या वृद्ध आईच्या घरी रोज पाणी भरावे, आणि पंचांनी दरवर्षी तिची वागणूक पाहून पुढचे ठरवावे.

पहिले वर्षभर म्हातारीने ते पाणी अंगणात ओतून दिले. दुसऱ्या वर्षी ते गुरांना पाजले. मुलगी मुकाट्याने घागरी आणत राहिली. तिसऱ्या वर्षी, चैत्रातल्या एका तापल्या दुपारी, म्हातारी दारातून म्हणाली, “पोरी, घोटभर दे गं.”

मुलीने तांब्या पुढे केला आणि ती तिथेच म्हातारीच्या पायांवर कोसळून हमसून रडू लागली. निकालाच्या दिवशीही तिच्या डोळ्यांत पाणी आले नव्हते.

“रड,” तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हातारी म्हणाली. “आपण काय केलं, ते आज तुला कळलं.”

तात्पर्य: लेकराचा अपराध मोठा असला तरी लेकरू अजून घडत असते; त्याला शासन जरूर करावे, पण घडण्याची वाट बंद करू नये.