सगुणा माळणीने कॉम्प्युटर निवडला

धामणगडचे सर्जेराजे हट्टाला पेटले होते.

"नवा कॉम्प्युटर घ्यायचा! पण चालू करून बघायचा नाही, आत काय आहे ते उघडून बघायचं नाही, किंमत विचारायची नाही. आणि या तीन विक्रेत्यांना तर एक शब्दही विचारायचा नाही! सांगा, कोणत्या कंपनीचा घेऊ?"

दरबारात तीन खोकी मांडली होती. एक शार्दूल कंपनीचं, दुसरं वज्रदेह कंपनीचं, तिसरं मैना कंपनीचं. शेजारी तिन्ही कंपन्यांचे विक्रेते टाय आवळून उभे होते.

दिवाणजींनी घाम पुसला. "महाराज, चालू न करता बरावाईट कळणार कसा?"

"मागचा चालू करूनच घेतला होता ना? दुकानात नाचत होता नुसता! दसऱ्याच्या आदल्या दिवशी बंद पडला, आणि कंपनीचा माणूस उगवला होळीला!"

दाराशी हार घेऊन आलेली सगुणा माळीण खुदकन हसली.

राजे गर्रकन वळले. "हसतेस? मग तूच निवड! तुझ्या हातातले हार सुकायच्या आत निवडला नाहीस, तर राजबागेची चाकरी गेली म्हणून समज!"

त्या बागेवर तिचं घर चालत होतं. पण बाई मोठी धीराची. तिने हारांवर पाणी शिंपडलं आणि खोक्यांभोवती एक फेरी मारली. राजांचे शब्द तिने मनात पुन्हा घोळवले. मग कनवटीचा मोबाइल काढला.

"सरकार, फोन करायला मनाई नाही ना?"

"नाही. कर की!"

खोक्यामागे छापलेला शार्दूल कंपनीचा तक्रारीचा नंबर तिने फिरवला आणि आवाज मोठा केला. फोनमधून सनई वाजू लागली. वाजतच राहिली. दिवाणजींना डुलकी लागली, तरी सनई थांबेना!

तिने वज्रदेहचा नंबर लावला. "मराठीसाठी दोन दाबा." तिने दोन दाबलं. "बिघाडासाठी सात दाबा." सात दाबलं. "धन्यवाद!" म्हणत फोन कट!

मग मैना कंपनी. दुसऱ्याच घंटेला एक बाई बोलली, "बोला, मी केशर. काय बिघडलंय?"

"बिघडायला अजून घेतलाय कुठं!" सगुणा म्हणाली. "पण धामणगडात बिघडला तर माणूस कधी येईल?"

"धामणगड? मधे घाट आहे हो. सकाळी कळवलंत तर दुपार होईल. त्याच्या आत येतो म्हणाले, तर खोटं होईल."

"महाराज, ही बाई हिच्या ओळखीची असणार!" शार्दूलचा विक्रेता ओरडला.

राजांनी फोन हिसकावला. "बाई, मी खुद्द राजा बोलतोय! माझा कॉम्प्युटर चालू होत नाही!"

"राजे असा नाहीतर रयत," केशर शांतपणे म्हणाली, "आधी प्लग भिंतीत नीट बसलाय का बघा!"

अख्खा दरबार खो खो हसला. राजांनी फोन परत केला. मिशीत मात्र तेही हसत होते.

"म्हणजे मैना?"

"होय सरकार, मैना!"

"अहो, पण हिने मशीन तर पाहिलंच नाही!" वज्रदेहवाला चिडला.

सगुणा त्याच्याकडे वळली. "दादा, लग्नाच्या मांडवात सगळेच सोयरे गोड बोलतात. लेक आजारी पडली की कळतं, सासर कसं आहे ते! चालू मशीन सगळ्यांचंच चांगलं. मी बंद पडल्यावरचं पाहिलं!"

राजे गडगडाटी हसले. इतके की पगडी तिरकी झाली! "वा गं सगुणे! या दिवाणांना जे दिवसभरात सुचलं नाही, ते तू हार ताजे असतानाच केलंस! माग, काय हवं ते माग!"

"बागेतल्या विहिरीवर पाण्याची मोटर बसवून द्या, सरकार."

"दिली! दिवाणजी, आजच चांगल्यातली मोटर आणा!"

"अंहं!" सगुणाने पदर खोचला. "मोटर सरकारांची, पण कंपनी मी निवडणार!"