एका वेलीचे दोन भोपळे

फार मागची गोष्ट. वेण्णाकाठच्या नगरात नंदिसेन राजा राज्य करत होता, तेव्हा बोधिसत्त्व वीणा बनवणाऱ्यांच्या आळीत जन्माला आले होते. नाव सोमिल. हात गुणी, आणि बोलणं इतकं कमी की बायको चंपा दोघांच्या वाटचं बोलून घ्यायची.

सोमिलचे गुरू गोभिल. तसे कारागीर आता होणे नाही. भोपळा निवडायला ते स्वतः मळ्यात जायचे. वेलीवरच्या भोपळ्याला टिचकी मारायची, कान लावायचा, नाही पटलं तर पुढं. मळेवाला म्हणायचा, "गुरुजी, भोपळा नेताय का सोयरीक जुळवताय?" पटलेला भोपळाही वेल वाळेपर्यंत तोडायचा नाही. मग चुलीवर टांगून त्याला वर्षानुवर्षं धूर पाजायचा. घाई केलेला भोपळा पावसाळ्यात रडतो, असं ते सांगायचे.

एकदा एकाच वेलीवर दोन जुळे भोपळे लागले. एकाची त्यांनी वीणा केली, ती राजवाड्यातल्या सुलसा दाईकडे गेली. दुसरा शेवटच्या आजारात सोमिलच्या ओटीत घातला. म्हणाले, "याची वीणा तुझ्या नावाची. सावकाश कर." तेव्हापासून तो चंपाच्या चुलीवर लटकत होता.

नंदिसेन आईवेगळा. सुलसानंच त्याला वाढवलेलं, वीणा वाजवून निजवलेलं. आता ती फार थकली होती, माणसं विसरली होती. राजा समोर आला की विचारायची, "हा दाढीवाला कुणाकडचा गं?" पण वीणा मांडीवर घेतली, तारा छेडल्या, की एकेक नाव परत यायचं आणि घटकाभर राजाही तिला ओळखू यायचा. त्या घटकेसाठी तो रोज यायचा.

आता राजेलोकांचं प्रेम उतू गेलं की ते सोनं ओततात. त्यानं ती धुरकट वीणा मढवायला धाडली. मढवणाऱ्यानं जुना काळा थर खरवडला, सोन्याचा पत्रा चिकटावा म्हणून वर गरम लाख ओतली. भोपळा तडकला आणि त्याच्या पोटाचा तुकडा भुगा होऊन पडला.

सुलसा भिंतीकडे तोंड करून बसली. वीणा कुठंय विचारायची, उत्तर विसरायची, परत विचारायची. पेजेला तोंड लावेना.

राजानं सोमिलला बोलावलं. "नवा भोपळा बसव."

"महाराज, मग ती दुसरीच वीणा होईल."

"मग नुसता तुकडा जोड."

"कोवळा तुकडा जुन्याशी नांदत नाही. पहिल्याच पावसात ओढाताण करून फुटेल." एवढं बोलून सोमिलनं तडकलेली वीणा काखेत घेतली. त्या भोपळ्याशी नांदेल असा एकच भोपळा नगरात होता, आणि तो कुठं टांगलाय हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

अडचण अशी, की वसंतोत्सवाला सगळ्यांत गोड वीणा आणील तो आळीचा मुख्य होणार होता. सोमिलनं त्यासाठीच तो भोपळा खाली काढायचं ठरवलं होतं. तसा भोपळा या जन्मी परत पिकणार नव्हता. कापला की तो वीणेच्या कामातून गेला.

घरी येऊन तो चुलीसमोर बसला आणि वर बघत राहिला.

चंपा म्हणाली, "कालवण खाली आहे."

त्यानं सगळं सांगितलं. ती बराच वेळ चूल फुंकत राहिली.

"माझ्या पोरांपेक्षा याला जास्त शेकलंय मी," ती म्हणाली. "तुमच्या नावाची वीणा होणार, म्हणून डोळ्यांत धूर घेतला."

"म्हणूनच तुला विचारतोय."

"विचारताय कुठं? सुरी आधीच हातात घेऊन बसलाय." तिनं पदरानं डोळे पुसले, धुरामुळं का कशामुळं ते तिलाच ठाऊक. "गुरुजींच्या हातची ती एवढीच उरलीय. कापा. उरलेलं भांडं मला द्या, मीठ ठेवीन त्यात."

सोमिलनं भोपळा कापला. कडा घासून घासून जुन्या भोपळ्याच्या भोकाला मिळवल्या, सरस लावला, दोरीनं बांधून सावलीत ठेवला. राजाची माणसं रोज घाई करायला येत, चंपा रोज त्यांना दारातून परतवी.

वीणा भर दरबारात आली. सुलसाला धरून आणलं. तिनं भोपळ्यावरून हात फिरवला, जोडावर बोट थांबलं. "लागलं होतं का गं तुला?" असं वीणेलाच विचारलं आणि वाजवायला लागली. तोच जुना, खोल, धुरातला आवाज.

मंत्री डोलायला लागले. राजा डोलला नाही. तो सिंहासनावर हळूहळू कलंडला, मुकुट एका कानावर आला, आणि घोरायला लागला. प्रधान खाकरले.

सुलसानं बोटानं त्यांना गप्प केलं. राजाकडे बघून हसली. "दाढी आली तरी माझा नंदू तोंड उघडं टाकूनच झोपतो," ती म्हणाली. "हळू बोला रे सगळे."

उत्सवात दुसऱ्याच कारागिराची वीणा निवडली गेली आणि तो आळीचा मुख्य झाला. सोमिलनं त्याच्या गळ्यात आनंदानं हार घातला. सोमिलच्या नावाची वीणा मात्र कधीच झाली नाही.

एवढं सांगून तथागत भिक्खूंना म्हणाले, "ती सुलसा म्हणजे विहारातली ही वृद्ध भिक्खुणी, जी तुम्हाला रोज नाव विचारते आणि तुम्ही हसता. चंपा म्हणजे तुम्हाला बोल लावत पेज वाढणारी ती उपासिका. नंदिसेन म्हणजे खांबाला टेकून आत्ता पेंगणारा तो भिक्खू. गोभिल गुरुजी त्यांच्या मार्गानं पुढं गेले. सोमिल मी होतो. आपल्या नावासाठी जपलेलं दुसऱ्याच्या जिवासाठी कापून द्यावं आणि मागं वळून बघू नये, याला दान म्हणतात."