आत्याची मिठाची बरणी

खूप खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा राजेसुद्धा पाटावर मांडी घालून जेवायचे आणि आमटी आवडली तर स्वतः वाटी पुढे करायचे.

अशाच एका राज्यात राजाचा मोठा मुदपाकखाना होता, म्हणजे राजवाड्याचं स्वयंपाकघर. तिथला कारभार एका बाईकडे होता. तिचं खरं नाव काय कोण जाणे, सगळं राज्य तिला आत्या म्हणायचं. तोंडानं फटकळ, पण हाताला अशी चव, की तिची फोडणी बसली की शेजारच्या आळीतली भांडणं थांबायची.

या मुदपाकखान्याची एक रीत होती. भाजी कुणीही चिरावी, फोडणी कुणीही द्यावी, पण मीठ घालायचं ते आत्यानंच. बाकीच्यांनी चवही घेऊन बघायची नाही. त्यामुळे सकाळपासून एकच ओरडा. "आत्या, वरणाला मीठ." "आत्या, इकडे भाजी करपतेय, आधी इकडे." आत्या पदर खोचून, बरणी काखेत मारून या चुलीवरून त्या चुलीवर पळायची. "मी एक दिवस नसले तर तुमचं काय होईल रे?" असं म्हणायची आणि म्हणताना तिला फार बरं वाटायचं. खोटं कशाला बोला, कुणालाही बरंच वाटतं.

पुढे गादीवर नवा राजा बसला. वयानं तरुण, डोक्यात कल्पना फार. त्यानं नदीला बंधारा घालायचं काढलं. दगड आणायचे डोंगरातल्या खाणीतून. आणि त्यानं ठरवलं, जो राज्यासाठी घाम गाळतो तो राज्याच्या चुलीवरचं जेवेल. झालं. एका स्वयंपाकघराची तीन झाली: एक राजवाड्यात, एक नदीकाठी, एक खाणीवर.

माणसं वाटली गेली. आमटी करणारी भिवरा राजवाड्यात राहिली. भाकऱ्यांच्या चुलीवरचा दांडगा केरू खाणीवर गेला. बाकीचे नदीकाठी.

"आणि मिठाचं काय?" भिवरानं विचारलं.

"मिठाचं काय म्हणजे? मी आहे ना," आत्या म्हणाली. "मला एक बैलगाडी द्या म्हणजे झालं."

मग आत्याची गाडी सुरू झाली. पुढे बैल, मागे धुरळा आणि मधे बरणी पोटाशी धरून आत्या. ती खाणीवर पोचेपर्यंत तिथली आमटी आटून आटून घट्ट व्हायची. केरू म्हणायचा, "आत्या, ही आता वाटीत वाढू, की दगडांच्या फटीत भरू?" राजवाड्यात दरबारी अळणी वरण गिळायचे. आणि नदीकाठी तर एकदा तिनं गडबडीत दोनदा मीठ घातलं. एक म्हातारा गवंडी तांब्यावर तांब्या रिचवत म्हणाला, "बाई, असंच जेवू घाला. बंधाऱ्याची गरजच नाही, नदी आम्हीच पिऊन टाकतो."

सगळे हसले. आत्याला मात्र हसू आलं नाही.

शेवटी राजानं तिला बोलावलं. आवाज चढवला नाही त्यानं, पण बोलला सरळ. "आत्या, तुमच्या हातचं खाऊन मी मोठा झालो. पण बंधारा पुरा झाला की तिन्ही ठिकाणी एकाच वेळी पंगती बसणार आहेत. तोवर घडी बसवा. नाहीतर मला दुसरं माणूस बघावं लागेल."

 आत्याचं अख्खं आयुष्य त्या चुलींपुढे गेलेलं. ती थेट निघाली ती म्हाताऱ्या आचारीबुवांकडे. बुवा तिचे गुरू. त्यांच्याकडूनच बरणी तिच्याकडे आली होती. आता तोंडात एक दात नव्हता, दारात बसून मऊभात खात होते.

"बुवा, मी एकटी तीन ठिकाणी कशी पुरू?"

"पुरू नकोस," बुवा म्हणाले आणि आणखी एक घास घेतला.

"म्हणजे बरणी दुसऱ्याच्या हाती देऊ? त्यांना जमायचं नाही हो. खारट करून ठेवतील."

"तू नव्हतं केलंस?"

आत्या तिथेच उंबऱ्यावर टेकली.

"थोरल्या महाराजांच्या वाढदिवसाची कढी आठवते?" बुवा म्हणाले. "तुला चोरून मीठ घालायला दिलं होतं मी. घशाखाली उतरेना. महाराजांपुढे कोण उभं राहिलं होतं?"

"तुम्ही. म्हणालात, आज माझा हात चुकला."

"मग? तुला काय वाटलं, पोरी, तू आईच्या पोटातून चव घेऊन आलीस?"

आत्या परतली ती दुसऱ्या दिवशी कुंभाराकडून तीन नव्या बरण्या घेऊनच. एक खाणीवर केरूकडे धाडली, एक नदीकाठी, आणि एक भिवराच्या हातात ठेवली. भिवरा ती परत द्यायला लागली. "चव घेऊन बघ," आत्या म्हणाली, "आणि घाल."

व्हायचं तेच झालं. भिवरानं भीतीपोटी मूठ सैल सोडली. राजानं पहिला भुरका मारला आणि डोळे मिटून घेतले. भिवरा दाराआड लपली. आत्या पुढे झाली.

"हात चुकला माझा, महाराज."

"तुमचा?"

"माझ्या स्वयंपाकघरातला हात तो माझाच."

 राजानं आमटीत चार घास जास्तीचा भात कालवला. दाराआडून भिवरानं हे सगळं ऐकलं आणि डोळे पुसले. त्यानंतर तिची आमटी कधी खारट झाली नाही. ज्याच्यासाठी कुणी बोलणी खातं, तो जपून मीठ घालतो, बरं का.

मग स्वयंपाकघराचा रंगच पालटला. जो तो पळीभर आमटी तळव्यावर घेऊन चाटायचा आणि वाद घालायचा. आत्या आता बरणी घेऊन नाही, रिकाम्या हातानं फिरायची. एकदा खाणीवर तिनं केरूची आमटी चाखली आणि नाक मुरडलं. "जास्त झालंय."

"नाही झालं, आत्या," केरू म्हणाला. पूर्वी हा गडी तिच्यापुढे मान वर करायचा नाही. "तुम्ही गाडीत बसून आलात. भर उन्हात घटकाभर दगड उचला आणि मग चाखा."

आत्याही हट्टाला पेटली. तिनं दगड उचलले, घामाघूम झाली, आणि मग पुन्हा चाखलं. आमटी अगदी बरोबर होती. "मेल्या, तुझंच खरं," ती म्हणाली आणि तिथेच केरूकडून आणखी वाटीभर मागून घेतली.

बंधारा पुरा झाला. आणि नेमकं त्याच दिवशी आत्याला सर्दी झाली. नाक बंद, जीभ म्हणजे नुसतं लाकूड. साखर कुठली नि मीठ कुठलं, काही कळेना. ती जराशी घाबरली. मग नदीकाठच्या पंगतीत, त्या म्हाताऱ्या गवंड्याशेजारी, जन्मात पहिल्यांदा पानावर जाऊन बसली.

तिला चव लागत नव्हती, पण समोरची तोंडं दिसत होती. माणसं बोलणं सोडून जेवत होती. गवंड्यानं तांब्याला हातही लावला नव्हता. आत्याला एवढ्यावरून कळलं.

तेवढ्यात राजा आला. राजवाड्यात जेवून, खाणीवर जेवून, कमरेचा शेला सैल करत.

"आत्या, तिन्हीकडे जेवण झकास झालंय. मीठ अगदी नेमकं. तुम्ही होता तरी कुठे?"

"इथंच, महाराज. जेवतेय."

"मग मीठ घातलं कुणी?"

"ते चुलीवरच्यांना विचारायला हवं," आत्या म्हणाली आणि सटकन शिंकली.

पंगतभर हशा उसळला. राजा हसत हसत तिच्याशेजारीच बसला आणि म्हणाला, "आता दुसरं माणूस बघायला नको. चौथं स्वयंपाकघर सीमेवर काढायचं आहे, तेही तुम्हीच बघा."

पुढे चार ठिकाणी चुली पेटल्या आणि कुठेच कधी कुणाला "आत्या, मीठ" म्हणून ओरडावं लागलं नाही. आत्याची जुनी बरणी? ती फडताळात होती. तिच्यात आत्यानं लिंबाचं लोणचं घातलं होतं आणि ते मात्र ती कुणालाही घालू द्यायची नाही.

तात्पर्य: चार हात शहाणे करून जो स्वतः पंगतीत निवांत बसू शकतो, तोच खरा म्होरक्या.